खुराड्यातली घोरपड

 

शेळ्या, कोंबड्या, गाई-म्हशी यांच्या दुखण्याखुपण्याबद्दल या कार्यक्रमात आपण नेहमी ऐकतो. आज आम्ही बोलणार आहोत घोरपडीबद्दल. विषय ऐकून काही जणी हसतील, काही जणी अंग चोरतील. पण आमच्या गटापुढं हा विषय आला आणि तीन दिवस आम्हाला दुसरं काही सुचलं नाही. उद्या तो तुमच्याही दारात येऊ शकतो, म्हणून जे कळलं ते सांगतो.

आधी घोरपड म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. पाल आणि सरडा यांच्याच गोतातला हा मोठा प्राणी. पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसकट पाच फुटांच्या आसपास भरू शकते. दिवसा फिरते, रात्री बिळात, वारुळात नाहीतर दगडांच्या कपारीत झोपते. सापासारखी दुभंगलेली जीभ सारखी बाहेर काढते, ती चावायला नाही, वास घ्यायला. खाणं म्हणाल तर भुंगेरे, त्यांच्या अळ्या, गोगलगायी, खेकडे, बेडूक, उंदीर, अंडी आणि मेलेली जनावरंसुद्धा. उसाला आणि भुईमुगाला लागणारी हुमणी ही भुंगेऱ्याचीच अळी. म्हणजे बांधावरची घोरपड मजुरी न घेता शेतात राबत असते.

तानाजी मालुसऱ्यांची यशवंती घोरपड आपण पोवाड्यात ऐकलेली आहे. ती कोंढाण्याचा कडा चढली ही लोकांनी जपलेली गोष्ट आहे. इतिहासाचे अभ्यासक तिला दुजोरा देत नाहीत. पण घोरपडीची नखं किती मजबूत असतात आणि ती कपारीत कशी घट्ट रुतून बसते, हे गुराख्याच्या कुठल्याही पोराला माहीत असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, आणि एक जण उठायलाच तयार होईना. विचारलं तर म्हणाली, "बायांनो, माझ्या परड्यात घोरपड हाय. मरायला टेकलीय. काय करू सांगा."

झालं होतं असं. पावसाळा तोंडावर असताना बांध फोडताना जेसीबीखाली एक बीळ उघडं पडलं आणि त्यात घोरपडीचं लहान पिल्लू निघालं. तिच्या मुलानं ते घरी आणलं. मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ त्यानं बघितले होते. तिकडं आफ्रिकेतून आणलेली अशाच जातकुळीची जनावरं लोक घरात पाळतात, सोफ्यावर घेऊन बसतात. याला वाटलं, आपणही पाळू. पहिले दोन महिने पोरगा त्या पिल्लाच्या मागं वेडा झाला होता. मग पोलीस भरतीच्या तयारीसाठी तो तालुक्याला गेला आणि घोरपड राहिली आईच्या गळ्यात. मैत्रिणींनो, हौस एकाची आणि निस्तरायचं दुसऱ्यानं, हे आपल्याला नवीन नाही. भाकरी, धुणं, गोठा, मजुरी आणि त्यात हे जनावर. ती तरी काय करणार? जुन्या खुराड्यात ठेवलं, पळू नये म्हणून कमरेला सुतळी बांधली आणि घरात असेल ते घातलं. कधी कोंबडीच्या मऊ मांसाचे दोन तुकडे, कधी दुधात कुस्करलेली भाकरी. खुराडं पत्र्याच्या सावलीत, ऊन कधी नाहीच.

आम्ही चौघी जणी बघायला गेलो. घोरपड पोटावर पसरून पडली होती. डोळे आत गेलेले. पाठीला पोक. मागचे पाय ओढत होती, उचलत नव्हती. खालचा जबडा रबरासारखा वाकडा झालेला. नाकाशी फेसाचे बुडबुडे. बोटांवर जुन्या कातीची कडी घट्ट आवळून बसलेली आणि दोन बोटांची टोकं काळी पडलेली. सुतळी कमरेच्या कातड्यात रुतलेली. काखेत आणि मानेच्या घडीत गोचिड्या. आम्ही जवळ गेलो तरी तिनं फुस्स केलं नाही, शेपूट उगारलं नाही. घोरपड माणसाला बघून गप्प पडून राहिली तर ती माणसाळली असं समजू नका. तिच्यात त्राण उरलेलं नसतं.

हे असं का झालं, ते नंतर आम्हाला प्राण्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तीच माहिती सोपी करून सांगतो.

आपल्या अंगात आपली चूल पेटलेली असते. थंडी असो, पाऊस असो, आपलं अंग आतून गरम राहतं. घोरपडीच्या अंगात अशी चूल नाही. तिला ऊब बाहेरून घ्यावी लागते, म्हणून ती सकाळी दगडावर ऊन खात बसते. अंग तापलं की मग ती पळते, शिकार करते आणि खाल्लेलं पचवते. तिला सावलीत, गारठ्यात कोंडलं तर पोटातलं अन्न पचत नाही, तिथंच सडतं. छातीत कफ साठतो. नाकातले बुडबुडे त्याचेच.

दुसरं हाडांचं. लहान मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात, हे आपल्या आज्यांना ठाऊक आहे. कोवळं ऊन आणि कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ पडतात. घोरपडीचं तेच झालं होतं. रानात ती उंदीर हाडांसकट गिळते, बेडूक अख्खा खाते, त्यातून तिला कॅल्शियम मिळतं. नुसत्या मऊ मांसात ते जवळजवळ नसतंच. आणि दूध? कॅल्शियम म्हटलं की आपल्याला दूध आठवतं. पण घोरपड अंड्यातून येते, आईचं दूध ती कधीच पीत नाही. दूध तिला पचत नाही, उलट पोट बिघडतं.

तिसरं पाण्याचं. पाणी कमी पडलं की कात सुटी होत नाही. ती बोटांवर कड्यासारखी आवळते, रक्त थांबतं आणि बोट झडतं.

म्हणजे बघा, त्या माउलीनं तिला रोज खायला घातलं होतं. उपाशी ठेवलं नव्हतं. तरी ती मरणाला टेकली. रानातल्या जनावराला जे लागतं, ते घरात आपण देऊच शकत नाही.

आता पुढचा प्रश्न, आणि तोच खरा अवघड होता. घोरपड ही कायद्यानं संरक्षित आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यातल्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त संरक्षण आहे त्या यादीत, घोरपडीचं नाव आहे. वाघ, बिबट्या त्याच यादीत आहेत. घोरपड पकडणं, मारणं, पाळणं, विकणं, तिचं मांस खाणं, सगळा गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद, शिवाय दंड. हे ऐकल्यावर त्या बाईचा चेहरा उतरला. पोराची पोलीस भरती तोंडावर. गुन्हा नोंदला तर चारित्र्याचा दाखला कसा मिळणार? तिनं आम्हाला हात जोडले. "फोन करू नका, पोराचं वाटोळं होईल," म्हणाली.

बैठकीत तीन मतं पडली. एक जण म्हणाली, रात्री टेकडीवर नेऊन सोडा, कुणाला कळणारही नाही. दुसरी म्हणाली, जडीबुटीवाला मागतोय ना तेलासाठी, देऊन टाका, चार पैसेही येतील. तिसरी म्हणाली, फोन करायचा, पण आपण नाही, तिनंच करायचा.

आम्ही एकेक मत तपासलं. टेकडीवर सोडलेली घोरपड एक पाऊल टाकू शकत नव्हती. सकाळपर्यंत कुत्र्यांनी फाडली असती. जडीबुटीवाल्याला दिली तर पाळण्याच्या गुन्ह्यावर विक्रीचा गुन्हा चढला असता. राहिलं तिसरं. कायदा असंही सांगतो की असा प्राणी कुठल्याही कारणानं ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवायचं. इथं ४८ तास नाही, सात-आठ महिने उलटले होते. ती मुदत परत येणार नव्हती. पण लपवलेलं कुणीतरी शोधून काढणं वेगळं, आणि स्वतः पुढं होऊन सांगणं वेगळं. ज्या पोराला वर्दी घालायची आहे, त्यानं पहिलं खरं इथंच बोलावं, असं एका काकूंनी तिला समजावलं.

तिनं पोराला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकरांनी आमच्यासमोर १९२६ या क्रमांकावर फोन लावला. ही महाराष्ट्राच्या वन विभागाची हेल्पलाइन आहे. लिहून घ्या, एक नऊ दोन सहा.

माणसं यायला दुपार होणार होती. तोवर काय करायचं, काय नाही, ते फोनवरच विचारून घेतलं. हा भाग लक्ष देऊन ऐका, कारण जखमी किंवा आजारी घोरपड कुणालाही सापडू शकते.

पहिलं, गर्दी हटवा. पोरंसोरं, कुत्री, मोबाइल घेऊन फोटो काढणारे, सगळे लांब. भीतीनंच कमजोर जनावर दगावतं.

दुसरं, हात लावायची वेळ आलीच तर आधी अंगावर बारदान किंवा जाड फडकं टाका. डोळ्यांपुढं अंधार झाला की ती शांत होते. शेपटीला धरून ओढू नका, तोंड तारेनं बांधू नका. कितीही मरगळलेली दिसली तरी दात आणि नखं विसरू नका. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये किंवा भोकं पाडलेल्या खोक्यात खाली जुनं पोतं अंथरून तिला ठेवा आणि वरून झाका.

तिसरं, ऊब द्या, पण भाजू नका. कोवळं ऊन असेल तर खोकं अर्धं उन्हात, अर्धं सावलीत, म्हणजे तिला हवं तिकडं सरकता येईल. सरकण्याइतकं बळ नसेल तर जवळ बसून लक्ष ठेवा. ऊन नसेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. शेगडी, निखारे, जळता बल्ब अगदी जवळ नको.

चौथं, पाणी. पसरट ताटलीत थोडं पाणी समोर ठेवा. तोंडात चमच्यानं ओतू नका. ते छातीत जातं आणि जनावर गुदमरतं.

पाचवं, खायला काही घालू नका. उपाशी जनावर दिसलं की आपला जीव राहत नाही, हे खरं. पण अंग गार असताना पोटात गेलेलं अन्न तिला अपाय करतं. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं, आणि खाणं कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

सहावं, घरचे उपाय नकोत. जखमेवर हळद, चुना, रॉकेल काही लावायचं नाही. गोचिडीचं गुरांचं औषध लावायचं नाही. अडकलेली कात ओढायची नाही, सोबत बोटाचं कातडं येतं. सुतळी खुंटाला बांधलेली असेल तर तिथून कापा, पण मांसात रुतलेला भाग डॉक्टरांवर सोडा.

सातवं, हात साबणानं स्वच्छ धुवा. अशा प्राण्यांच्या विष्ठेतून पोट बिघडवणारे जंतू येतात. गरोदर बायांनी आणि लहान मुलांनी जवळ जाऊच नये. घोरपड चावली तर घाबरून जाऊ नका. नागाच्या विषासारखा धोका तिच्या चाव्यात नसतो आणि पिसाळण्याचा रोगही तिच्यापासून होत नाही. तो दूध पाजणाऱ्या प्राण्यांना होतो. पण जखम चिघळते. म्हणून साबण लावून वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा आणि आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

दुपारी वनरक्षक ताई आणि त्यांच्यासोबत दोघं जण आले. त्यांनी पंचनामा केला, मायलेकरांचा जबाब घेतला. आवाज चढवला नाही, पण काही सोडूनही दिलं नाही. कधी पकडली, कुठं पकडली, काय खायला घातलं, सगळं लिहून घेतलं. पोरानं सगळं खरं सांगितलं. घोरपड उपचार केंद्रात गेली. तिथं एक्स-रे काढला, तेव्हा हाडं कागदासारखी पातळ झालेली आणि मागच्या पायात एक जुनी मोड दिसली. सुतळी काढली, सलाईन दिलं, कोमट पाण्यात भिजवून हळूहळू कात उतरवली. दोन बोटं गेली. तीन आठवड्यांनी तिनं स्वतःहून पहिला घास घेतला, असा निरोप आला तेव्हा आमच्या बैठकीत बायांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

ती जगली. पण पाठीचा पोक सरळ होणार नाही. पळता येत नाही, झाडावर, कपारीत चढता येत नाही. त्यामुळं तिला रानात सोडता येणार नाही असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. रानातली घोरपड वर्षानुवर्षं जगते, अंडी घालते. पावसाळ्याच्या दिवसांत जमीन उकरून एका वेळी वीस-वीस अंडी पुरून ठेवते. हिच्या वाट्याला ते आता नाही.

आणि पोराचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. चौकशी अजून चालू आहे. पुढं काय होईल ते आम्ही इथं सांगू शकत नाही. फोन केला की काहीच होत नाही, असं खोटं आश्वासनही तुम्हाला देणार नाही. एवढं सांगतो की त्याची आई आजही आमच्या गटात आहे, हप्ता वेळेवर भरते, आणि तिला कुणी टोमणा मारायचा नाही असा ठराव आम्ही वहीत लिहिला आहे. उद्या दुसऱ्या कुणाच्या परड्यात असं काही असेल, तर तिला बोलायला जागा राहिली पाहिजे.

आता दोन गोष्टी घोरपडीच्या नावावर चालणाऱ्या धंद्याच्या. बाजारात, जत्रेत लोक घोरपडीचं तेल विकतात. गुडघ्याला लावा, कंबरेला लावा, दुखणं जातं म्हणतात. आपल्याला कंबरदुखी आहे, वाकून वाकून खुरपणी केली की ती असणारच. पण या तेलानं ती बरी होते याला काही आधार नाही. बाटलीत खरंच घोरपड असेल तर विकणाराही गुन्हेगार आणि घेणारीही.

दुसरी गोष्ट हाताजोडीची. हात जोडल्यासारखी दिसणारी, शेंदरात ठेवलेली एक वाळकी मुळी विकायला येते. घरात ठेवली की लक्ष्मी येते, असं सांगतात. २०१७ साली अशा हाताजोडीची तपासणी झाली, तेव्हा ती मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असल्याचं उघड झालं. बायांनो, देव्हाऱ्यात आपण काय ठेवतो ते एकदा बघा. असं काही विकायला आलं तर घेऊ नका आणि त्याच १९२६ वर कळवा.

शेवटचं, कोंबड्यांचं. "घोरपड माझी पिल्लं खाते, तिची कसली कीव?" असं एक वहिनी म्हणाल्या. त्यांचं चुकीचं नाही. अंडी-पिल्लांचे पैसे हा आपल्या हातातला पैसा. घोरपड दिवसा फिरते, म्हणून दिवसाच सावध राहायचं. अंडी सकाळ-संध्याकाळ वेचा, खुराड्यात साठू देऊ नका. पिल्लं मोकळी सोडायच्या आधी थोडी मोठी होऊ द्या, तोवर डालग्याखाली ठेवा. खुराड्याला बारीक जाळी लावा आणि ती जमिनीत वीतभर पुरा, कारण घोरपड उकरते. मेलेली कोंबडी, मासळीचं पाणी परड्यात टाकू नका, त्या वासानं ती येते. आणि धडधाकट घोरपड अंगणात दिसली तर तिच्या वाटेतून बाजूला व्हा. ती आपली आपण निघून जाते. विहिरीत पडलेली दिसली तर आत उतरू नका. काठावरून एखादी खरबरीत फळी किंवा बारदान बांधलेला दोर सोडा, ती बहुतेक वेळा स्वतः चढून येते. नाही आली तर फोन करा.

आमच्या गटानं १९२६ हा क्रमांक हप्त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे, आणि अंगणवाडीच्या भिंतीवरही. तुमच्या पुढच्या बैठकीत तुम्हीही लिहा. घरातल्या पोरांना हा कार्यक्रम ऐकवा, विशेषतः ज्यांच्या मोबाइलवर असले व्हिडिओ येतात त्यांना. काही शंका असतील तर आपल्या केंद्रावर कळवा, उत्तरं विचारून सांगू.

येतो आम्ही. नमस्कार.